न कमावलेला पाहुणचार

परक्या मनुष्यास दारात घेताना त्याची योग्यता आधी पाहावी, की त्यास आधी आत घ्यावे आणि योग्यतेचा विचार मागाहून करावा? आणि ज्याला असे आत घेतले, त्याने त्या उपकाराची फेड कशी करावी? हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतील. पाहुणा आला तर भातात मूठभर तांदूळ अधिक घालावे, ह्यात तत्त्वज्ञान ते कसले, असे एखादी घरची माउली सहज म्हणेल, आणि तिचे म्हणणे पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु ओळखीचा पाहुणा निराळा आणि अनोळखी वाटसरू निराळा. ओळखीच्यास आपण नात्यामुळे घेतो. अनोळख्याजवळ दाखवावयास काहीच नसते. मग त्याच्यापुढे दार उघडते ते कशाच्या बळावर? हे पाहणे अगत्याचे आहे. कारण देव मनुष्यास ज्या रीतीने आपल्या घरात घेतो, तिच्याशी ह्या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते. आज आम्ही ह्याचा विचार स्पेन देशातील एका जुन्या वाटेच्या आधाराने करू इच्छितो.

त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचे नगर आहे. जब्दीचा पुत्र याकोब, ज्याला हेरोदाने तलवारीने मारविले, त्या प्रेषिताची कबर तेथे आहे अशी समजूत नवव्या शतकात पसरली, आणि युरोपाच्या सर्व भागांतून लोक तिकडे पायी जाऊ लागले. ह्या वाटा अनेक आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या हद्दीतील सेंट झाँ नावाच्या डोंगराळ गावापासून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून सांतियागोस पोहोचते. मध्यंतरी कित्येक शतके ही वाट बरीच ओस पडली होती. इ. स. १९८४ मध्ये ओ सेब्रेइरो ह्या डोंगरावरील खेड्याचे पाळक एलियास वालिन्या ह्यांनी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन वाटेवर बाण रंगविले, म्हणजे चालणाऱ्याने चुकू नये. इ. स. १९८७ मध्ये युरोपाच्या परिषदेने ह्या वाटेस युरोपाचा पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान दिला, आणि इ. स. १९९३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. इ. स. २०२४ ह्या एका वर्षात सुमारे पाच लाख लोकांनी ही यात्रा पुरी केल्याचे प्रमाणपत्र घेतले. पायी वारी ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाही. पंढरीच्या वाटेवरील दिंड्या आणि त्यांस भाकरी घालणारी गावे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. त्यामुळे हजारो माणसे पायांस फोड येईपर्यंत का चालतात, हे समजावून सांगण्याचे कारण नाही.

तथापि एक आक्षेप येथेच पुढे येईल, आणि तो आमच्या पंथाच्या लोकांकडून येणे योग्यच आहे. संतांच्या अस्थींकडे चालत जाऊन पुण्य जोडावे, ही कल्पना आमच्या सुधारक पूर्वजांनी टाकून दिली. मार्टिन लूथर ह्यांनी इ. स. १५२० मध्ये जर्मन सरदारांस उद्देशून जो प्रबंध लिहिला, त्यात यात्रांवर कडक टीका केली आहे. बायकामुलांस वाऱ्यावर सोडून आणि गाठीचा पैसा खर्चून दूर जाण्यापेक्षा घरचे कर्तव्य करावे आणि शेजारच्या गरिबास द्यावे, हे त्यांचे सांगणे. ते आजही आम्हांस मान्य आहे. सांतियागो येथील कबर खरोखर याकोबाची आहे किंवा नाही, हेही आम्हांस ठरवावयाचे नाही. विद्वानांस त्याविषयी फार शंका आहे. परंतु चालणे आणि पुण्य कमावणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नॉर्वे देशात इ. स. १५३७ मध्ये सुधारणा आली तेव्हा नीदारोस येथील संत ओलाफाच्या यात्रा बंद पडल्या. आणि त्याच लूथरपंथी देशात इ. स. १९९७ साली ऑस्लोपासून ट्रोंडहाइमपर्यंत ती वाट पुन्हा चालणाऱ्यांसाठी खुली करण्यात आली. पुण्य मिळते म्हणून तेथे कोणी पाठवीत नाही. चालताना मन शांत होते आणि देवाकडे वळते, एवढेच.

आता एक मौज पाहा. पुण्य कमावण्याची भाषा आज पुष्कळांनी सोडली असली, तरी कमावण्याची वृत्ती काही सुटलेली नाही. सांतियागोच्या वाटेवरील प्रत्येक यात्रेकरूजवळ एक घडीचे पुस्तक असते. मुक्कामोमुक्कामी त्यावर शिक्का मारून घ्यावयाचा, म्हणजे आपण खरेच चाललो ह्याचा पुरावा होतो. शेवटचे १०० किलोमीटर तरी पायी झाले पाहिजेत, सायकलवर असल्यास २००; मग नगरातील कचेरीत ते पुस्तक तपासले जाते, यात्रेचा हेतू विचारला जातो आणि प्रमाणपत्र मिळते. ह्यात गैर काही नाही. कचेरी म्हटली की तपासणी आलीच. परंतु महिनाभर असा चाललेला मनुष्य नकळत हिशेबी होतो. आज किती किलोमीटर झाले, पाठीवर किती किलो आहे, कोण गाडीत बसून पुढे गेला आणि कोणी ओझे भाड्याच्या गाडीवर घातले, ह्याची त्याच्या मनात नोंद राहते. आपल्याला जे मिळते ते आपण पायांनी मिळविले, असे त्यास वाटू लागते. आणि अशा मनःस्थितीत तो एखाद्या दारापुढे येतो, की जेथे ह्या हिशेबाची कोणास गरजच नसते.

काही वर्षांपूर्वी ह्या वाटेचा एक भाग पायी चालण्याचा योग आम्हांस आला. सांतो दोमिंगो दे ला काल्झादा ह्या गावी रात्र काढावी असा बेत होता, परंतु तेथे जागा भरल्या होत्या आणि पावसाची भुरभुर चालू होती. पुढचे ग्रान्योन हे गाव सुमारे ७ किलोमीटर. दोन्ही बाजूंस गव्हाची शेते, आणि टेकाडावर एका मंदिराचा मनोरा. आमच्याबरोबर एक वृद्ध जर्मन गृहस्थ चालत होते. त्यांनी जन्मभर एका पेढीत हिशेब लिहिण्याचे काम केले होते. गावात शिरल्यावर एका बाईने बोट दाखविले ते थेट मंदिराकडे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचे ते मंदिर. त्याच्या अंगच्या एका लहान दारातून दगडी अरुंद गोल जिना वर जातो. वर एक खोली, तिच्यात शेगडी पेटलेली, आणि जमिनीवर पातळ गाद्या अंथरलेल्या. एका मध्यमवयीन मनुष्याने पुढे होऊन आमचे ओले अंगरखे घेतले, पाणी दिले आणि बसावयास सांगितले. नाव विचारले ते हाक मारता यावी म्हणून. आमचा पंथ कोणता, आम्ही किती चाललो, ह्यांपैकी एकही गोष्ट त्याने विचारली नाही.

जर्मन गृहस्थांनी रात्रीचा दर विचारला. त्या मनुष्याने हसून कोपऱ्यातील एका पेटीकडे हात केला. पेटीचे झाकण उघडे होते, आणि जवळ लिहिलेले होते त्याचा भावार्थ असा, की जमेल तेवढे ठेवावे आणि गरज असेल तेवढे घ्यावे. गृहस्थांस वाटले की आपला प्रश्न समजला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला, आणि जेवणाच्या वेळी तिसऱ्यांदा. उत्तर तेच. काल आलेल्या लोकांनी जे ठेवले त्यात आजचे जेवण झाले, आणि आज जे ठेवतील त्यात उद्याचे होईल, एवढे मात्र त्या मनुष्याने अधिक सांगितले. जेवण म्हणजे मोठ्या पातेल्यात शिजविलेली मसूर आणि पाव. कोणी कांदे चिरले, कोणी ताटे मांडली, कोणी भांडी घासली. नंतर सर्वांस मंदिरात नेण्यात आले. भजन म्हणणाऱ्यांसाठी मागील बाजूस उंचावर लाकडी आसने असतात, तेथे अंधारात आम्ही बसलो. एक मेणबत्ती हातोहात फिरली. ज्याच्या हाती ती येई त्याने आपल्या भाषेत काही बोलावे किंवा गप्प राहून ती पुढे द्यावी. आम्ही मराठीत प्रार्थना केली. ती तेथे कोणास समजली नसेल, तरी शेवटी सर्वांनी आमेन म्हटले.

गाद्यांवर पडल्यावर ते जर्मन गृहस्थ म्हणाले, “दर सांगितला असता तर मला बरी झोप लागली असती. पैसे टाकले की मी मोकळा. येथे मी काय ठेवावे? थोडे ठेवले तर मी कृपण, फार ठेवले तर मी ह्यांचे प्रेम विकत घेतो आहे. आणि काही लोक काहीच ठेवीत नसतील. त्यांचा भार कोण वाहतो?”

हा प्रश्न त्या थकलेल्या म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यात नीतीची खरी अडचण आहे. दराने माणसाचा मान राहतो, हे कोण नाकारील? खाणावळ चालविणाऱ्यास पोट आहे; त्याच्या अन्नाचे मोल देणे हा न्याय आहे. कोणावर भार पडू नये म्हणून पौल प्रेषित रात्रंदिवस काम करून आपली भाकर खात असे, आणि ते त्याने थेस्सलनीकाकरांस लिहूनही कळविले. फुकटचे खाण्याची सवय लागलेला मनुष्य स्वतःचा आणि मंडळीचा दोघांचाही नाश करतो, हे आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस वेगळे सांगावयास नको. मग ग्रान्योनची ती उघडी पेटी भाबडेपणाची खूण म्हणावी काय?

ही शंका नवी नाही. ती वाटेइतकीच जुनी आहे. यात्रेकरूंच्या टोपीवर शिंपला असे. तो लावून लोकांस लुबाडणारी टोळी निघाली, आणि तिच्यावर इ. स. १४५५ मध्ये फ्रान्सातील दिजाँ शहरी खटला चालला. त्या टोळीचे नावच मुळी शिंपल्यावरून पडले होते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याने इ. स. १५९० मध्ये हुकूम काढून आपल्या प्रजाजनांस यात्रेकरूचा वेष घालण्याची मनाई केली. कारण भटके आणि लफंगे त्या वेषाआड लपत. तेव्हा आदरातिथ्याचा दुरुपयोग होतो, ही गोष्ट सिद्धच आहे. प्रश्न एवढाच, की त्यावर उपाय कोणता? दार बंद करणे हा एक उपाय. परंतु त्याने लफंग्याबरोबर भुकेलाही बाहेर राहतो.

ह्याविषयी आपल्या पहिल्या मंडळ्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ‘दिदाखे’, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, ह्या नावाचा एक फार प्राचीन लहानसा ग्रंथ इ. स. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका जुन्या हस्तलिखितात सापडला आणि दहा वर्षांनी छापून प्रसिद्ध झाला. त्या काळी वाटसरू उपदेशक गावोगाव फिरत, आणि त्यांत ढोंगीही असत. ह्या ग्रंथाने घालून दिलेला क्रम मोठा मार्मिक आहे. जो कोणी प्रभूच्या नावाने येईल त्यास आधी घ्यावे. पारख त्यानंतर करावी. तो केवळ वाटेने जाणारा असेल तर होईल तेवढी मदत करावी, परंतु दोन दिवस, फार तर तीन, एवढाच त्याचा मुक्काम असावा. राहावयाचेच असेल तर त्याने काही कामधंदा करून पोट भरावे. येथे भाबडेपणा मुळीच नाही. मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट सांगितलेली आहे. पण ती मर्यादा मुक्कामाला आहे, दाराला नाही. पहिल्या रात्रीच्या भाकरीसाठी परीक्षा नाही. परीक्षा चौथ्या दिवशी आहे. आज सांतियागोच्या वाटेवरील धर्मशाळांतही एके ठिकाणी एकच रात्र राहावे असाच सामान्य परिपाठ आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ह्याच क्रमात सापडते. आधी आत, मग विचार. उलट क्रम लावला तर विचार संपेपर्यंत रात्र सरून जाते, आणि मनुष्य पावसातच राहतो.

बेनेडिक्ट ह्याने सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांतील ५३ वा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येकास ख्रिस्त समजून घ्यावे, आणि गरिबांची व यात्रेकरूंची काळजी अधिक वाहावी असे तो सांगतो. त्याचे कारण तो असे देतो, की श्रीमंताचा मान त्याच्या दराऱ्यानेच आपोआप राखला जातो. किती खरे आहे हे! मठाधिकाऱ्याने व सर्व बंधूंनी पाहुण्यांचे पाय धुवावे, असाही नियम त्यात आहे. ह्याच वाटेवर पिसुएर्गा नदीच्या पुलाजवळ संत निकोलसाच्या नावाचे एक तेराव्या शतकातील लहान मंदिर आहे. एका इटालियन यात्रेकरू संघाचे सेवक तेथे येणाऱ्यांस उतरवून घेतात, आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यांचे पाय धुतात. पाय धुण्यास वाकणारा अवघडत नाही. अवघडतो तो पाय पुढे करणारा. आपले पाय घाणेरडे आहेत, फोडांनी भरले आहेत, हे त्याचे त्यालाच माहीत असते.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नापाशी आलो. देणे कठीण आहे असे आपण नेहमी म्हणतो, आणि उपदेशही बहुधा देण्याविषयीच होतो. परंतु घेणे त्याहून कठीण असते. पेत्राची गोष्ट आठवा. प्रभू त्याचे पाय धुऊ लागला तेव्हा तो नाही म्हणाला. ते नाही म्हणणे नम्रतेचे दिसते. तरी प्रभूने ते चालू दिले नाही. कारण त्यात अशी एक अडवणूक होती, की माझी सेवा मला परतफेड करता येईल एवढीच व्हावी, त्यापलीकडे नको. जर्मन गृहस्थांची झोप उडाली ती ह्याच कारणाने. दराचे पैसे टाकले म्हणजे दोन माणसांतील संबंध तेथेच संपतो. कोणी कोणाचा लागत नाही. दर नसला म्हणजे संबंध उरतो, आणि त्याचे ओझे वाटते. परंतु हे ओझे टाकून देण्याजोगे आहे काय, ह्याचा विचार करावा. आईच्या दुधाचा दर कोणी विचारला आहे? ज्या शिक्षकाने अक्षरे गिरवून घेतली, ज्या पाळकाने आजारपणात रात्रभर उशाशी प्रार्थना केली, त्यांचा हिशेब कोणत्या पेढीत मिटला? आपल्या आयुष्यातील उत्तम गोष्टी तर बिनदराच्याच आहेत. त्यांची फेड मागे करता येत नाही. ती पुढे करावी लागते. ग्रान्योनच्या पेटीचा हिशेब असाच आहे. कालचा वाटसरू आजच्यासाठी ठेवून जातो, आजचा उद्याच्यासाठी. ज्याने दिले त्याला ते परत मिळत नाही आणि तो ते मागतही नाही. ह्या धर्मशाळांतून जे सेवक पंधरा पंधरा दिवस बिनपगारी राबतात, ते बहुतेक स्वतः कधीतरी ह्याच वाटेने चालून गेलेले असतात. त्यांनी आपले ऋण असे पुढच्या माणसाकडे वळविले आहे.

काहीच न ठेवणाऱ्याचा भार कोण वाहतो, ह्याचे उत्तरही त्यातच आहे. पेटीवरील सूचना दोन अंगांची आहे. ठेवा असे तिच्यात आहे, तसेच घ्या असेही आहे. न ठेवणारा मनुष्य चोर ठरत नाही. त्याच्यासाठी ते दुसरे अंग आधीपासूनच लिहून ठेवलेले आहे. काहींनी त्याचा गैरफायदा घेतला असेल. परंतु त्यांच्यामुळे खरा गरजवंत मान खाली न घालता हात घालू शकतो, आणि हा लाभ त्या तोट्यापेक्षा मोठा आहे.

शब्दांतही हे शहाणपण साठून राहिले आहे. नव्या करारात परक्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याचा अर्थ परका असा आहे आणि पाहुणा असाही आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अतिथिप्रेमासाठी जो शब्द आहे तो ह्यापासूनच झाला, आणि त्याचा मूळ अर्थ परक्यावरील प्रेम असा होतो. लॅटिन भाषेत यात्रेकरूस जो शब्द आहे त्याचा पहिला अर्थ परदेशी. त्याच भाषेतील दुसरा एक शब्द यजमान आणि पाहुणा ह्या दोघांसही चालतो. त्यापासून यात्रेकरूंच्या उतारघरास ‘होस्पिटल’ हे नाव पडले, आणि पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्या किनाऱ्यास लागून त्याचे मराठीत इस्पितळ झाले. आज आपण इस्पितळ म्हटले की औषधपाणी आठवते. मुळात ते वाटसरूस आडवे होण्याचे ठिकाण. आपला अतिथी हा शब्दही तसाच बोलका आहे. ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी, असे आपले जुने लोक सांगत आले. ज्याची तयारी आधी करून ठेवता येत नाही, तोच पाहुणा आपल्या मनाची खरी तयारी दाखवून देतो.

आम्ही ज्या सांतो दोमिंगो गावातून पुढे चालत गेलो, त्याचे नाव एका मनुष्यावरून पडले आहे. दोमिंगो हा अकराव्या शतकातला एक साधा मनुष्य, तो इ. स. ११०९ मध्ये वारला. परंपरा अशी सांगते, की त्याने मठात घ्यावे म्हणून दोन ठिकाणी विनंती केली आणि दोन्ही ठिकाणी त्यास नकार मिळाला. मग तो ओहा नदीकाठच्या रानात राहू लागला. तेथून जाणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून त्याने झाडी तोडून वाट केली, नदीवर पूल बांधला आणि उतरण्यास एक घर उभारले. ज्यास दारातून परत लाविले, त्याने शेकडो वर्षे टिकणारे दार उघडले. नाकारला गेलेला मनुष्य कडू होतो असे आपण पाहतो. परंतु तसे झालेच पाहिजे असे नाही. बाहेर उभे राहणे काय असते हे ज्याला ठाऊक, त्याला दुसऱ्यास बाहेर उभे ठेववत नाही, असेही होऊ शकते. पुढे त्या गावच्या जुन्या उतारघराचे सरकारी हॉटेल झाले. तेथे आता खोलीचे दर आहेत, आणि ते न्याय्यही असतील. परंतु दोमिंगोच्या मनातली गोष्ट शोधावयाची तर ती ७ किलोमीटर पुढे, मंदिराच्या माडीवर, जमिनीवरच्या गाद्यांत सापडते.

आता आमच्या मनात जो मुख्य विचार आहे तो सांगतो. सुधारकांनी यात्रांवर टीका केली ती कृपेच्या सिद्धांतासाठी. देवाची कृपा कमावता येत नाही, ती घ्यावी लागते, हे त्यांचे म्हणणे. आणि नवल असे, की ज्या वाटेवर लोक शतकानुशतके कमावण्यासाठी निघाले, त्याच वाटेवर एका खेड्यातल्या माडीवर तोच सिद्धांत मसुरीच्या ताटात वाढलेला मिळतो. जो ५०० किलोमीटर चालून आला त्यास, आणि जो त्या सकाळीच निघाला त्यास, सारखीच गादी. विश्वासू असलेल्यास आणि अद्याप शोधात असलेल्यास सारखाच पाव. कृपेवर प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. परंतु ती आपल्याला अवघडून टाकते, आपला दर विचारण्याचा हट्ट मोडते, आणि मग हळूहळू आपल्याला मोकळे करते, हे प्रवचनाने क्वचितच कळते. ते कोणी तरी आपले ओले कपडे हातातून घेतो तेव्हा कळते.

पौलाचे गलबत फुटले तेव्हा मिलिता बेटावरील परक्या लोकांनी पाऊस व थंडी पाहून विस्तव पेटविला आणि सर्वांस जवळ घेतले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ते लोक ख्रिस्ती नव्हते. आलेले २७६ जण कोण, हेही त्यांस ठाऊक नव्हते. त्यांत कैदीही होते. पाऊस आणि थंडी एवढे कारण त्यांस पुरे झाले. आणि अम्माऊसच्या वाटेवरील त्या दोघांनी संध्याकाळ झाली म्हणून एका अनोळख्यास आग्रहाने घरात घेतले. जेवावयास बसल्यावर पाहतात तो भाकर मोडणारा तोच, आणि हे पाहुणे! दार उघडताना त्यांस हे माहीत असते, तर त्यात मोठेपणा तो काय राहिला असता?

वाचकहो, सांतियागो आपल्यापासून फार दूर आहे, आणि तेथे जावे असे आम्ही कोणास सांगत नाही. परंतु आपल्याही गावावरून वाटा जातात. ऊसतोडीस निघालेले कुटुंब, मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, शेवटची गाडी चुकलेला परगावचा विद्यार्थी, हे आपल्या मंदिरासमोरून जातात. आदितवारखेरीज सहा दिवस आपल्या मंदिरास कुलूप असते, आणि सामानाच्या राखणीसाठी ते असणे समजण्यासारखे आहे. तरी येत्या पंचांच्या सभेत एवढे तीन प्रश्न निघावेत अशी आमची विनंती आहे. रात्री अवेळी कोणी आले तर किल्ली कोणाच्या घरी मिळेल? व्हरांड्यात पाण्याचा माठ आणि दोन चटया कायम ठेवता येतील काय? आणि त्या रात्रीची भाकर कोणत्या घरची? एकच रात्र, किंवा फार तर तीन, अशी मर्यादा खुशाल घालावी. ती आपल्या पहिल्या मंडळ्यांनीही घातली होती. मात्र आलेल्यास त्याची जात, त्याचा पंथ आणि त्याच्या खिशातील पैसा पहिल्या रात्री विचारू नये. नाव विचारावे, जेवावयास हाक मारताना ते लागेल.